शेवटची सही कोणाची?

परभणी जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात काळाचे दोन भाग पडतात : पोलीस ॲक्शनच्या आधीचा आणि नंतरचा. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, 17 तारखेला निजामाच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली आणि लगेच मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांनी लष्करी गव्हर्नर म्हणून कारभार हाती घेतला. 17 सप्टेंबर हा मुक्तिदिन आपण दरवर्षी झेंडा लावून साजरा करतो. त्यानंतरचे पंधरा महिने मात्र आपल्या सार्वजनिक आठवणीतून जवळजवळ निसटून गेले आहेत. त्या काळात परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, परतूर, वसमत, हिंगोली, कळमनुरी या भागावर लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचे राज्य नव्हते, निजामाचेही नव्हते. राज्य होते लष्करी गव्हर्नरचे. आणि या मुलखातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचे नाव मतदार म्हणून लिहून घ्यायचे, हा निर्णय त्याच राजवटीत झाला.

लष्कराच्या हाती सत्ता असताना निवडणुकीची तयारी होते, तेव्हा ती तयारी करणाऱ्या माणसाचे काय होते? जगात अशी माणसे बरीच झाली. त्यांतल्या काहींनी आपले काम इतके चोख केले की त्यामुळेच त्यांच्या देशात अनर्थ झाला. परभणीचा अनुभव त्यांच्यापेक्षा वेगळा ठरला. तो का वेगळा ठरला, हे समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते, कारण त्याचे श्रेय नशिबाला देता येत नाही.

आधी थोडे मागे जाऊ. निजामाच्या राज्यात मत ही गोष्ट सामान्य माणसाच्या ओळखीची नव्हती. 1939 साली अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून सुधारणांची घोषणा झाली, पण त्या योजनेत प्रतिनिधित्व माणसाला नव्हते, धंद्याला होते : जहागीरदारांचे वेगळे, जमीनदारांचे वेगळे, सावकारांचे, वकिलांचे वेगळे. पाथरीच्या शिवारात दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या सालगड्याला किंवा त्याच्या बायकोला त्यात जागा कुठे असणार? 1946 मध्ये या योजनेखाली विधिमंडळ अस्तित्वात आले, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसने त्यावर बहिष्कार घातला. त्यामुळे 1948 साली इथल्या खेड्यांत शेतसारा कोणाकडे भरायचा हे सर्वांना ठाऊक होते, चावडीवर कोणाला जोहार घालायचा हेही ठाऊक होते, पण मत द्यायचे म्हणजे काय करायचे हे माहीत असण्याचे कारणच नव्हते.

चौधरींच्या राजवटीचे वर्णन करताना सरसकट गोड बोलणे बरोबर होणार नाही. तिचे पहिले आठवडे भीषण होते. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या अत्याचारांनी होरपळलेल्या भागांत आता सुडाची लाट उठली आणि ती निरपराध मुसलमान कुटुंबांवर कोसळली. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने या हत्यांची पाहणी केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत मोठी हानी झाल्याचे त्यांनी नोंदवले. नांदेड परभणीला लागूनच आहे. एक बाजू वर्षभर जीव मुठीत धरून राहिलेली, दुसरी आता तशी राहू लागलेली. अशा मुलखात दारोदार जाऊन नावे लिहायची होती. यादीत नाव येणे म्हणजे आपण या देशाचे आहोत याची लेखी खूण, आणि नाव गळणे म्हणजे काय, हे त्या वेळी कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

कारभाराचे रूप मात्र झपाट्याने मुलकी होत गेले. चौधरींच्या हाताखाली मुख्य मुलकी प्रशासक म्हणून मुंबई इलाख्यातले आयसीएस अधिकारी डी. एस. बखले आले. जिल्ह्याजिल्ह्यांत मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतातून अधिकारी आणले गेले. त्यांना जे दप्तर मिळाले ते उर्दूत होते, सालाचे आकडे फसली कालगणनेचे होते, व्यवहार हाली सिक्का या संस्थानच्या चलनात चालत होता. ऑगस्ट 1949 मध्ये जहागिऱ्या रद्द करणारा मोठा कायदा निघाला, त्याच्याही नावात 1358 फसली हे साल आहे. जिल्ह्याचा तालुकदार आता कलेक्टर झाला, पण गावात कागद ज्यांच्या हातात होता ते पटेल-पटवारी वंशपरंपरेने तेच राहिले. आदेश लष्करी गव्हर्नरचा, अंमलबजावणी नव्या अधिकाऱ्याची, आणि प्रत्यक्ष नाव लिहायला बसणारी यंत्रणा जुनी, अशी ती घडण होती.

या राजवटीने जाहीर केलेला मोठा शब्द असा होता : प्रौढ मतदानाने हैदराबादची घटना समिती निवडली जाईल आणि संस्थानचे भवितव्य ती ठरवेल. त्यासाठी मतदार याद्यांची तयारी सुरू झाली. 23 नोव्हेंबर 1949 ला निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना मान्य केली, त्यातही लोकांच्या इच्छेचा अंतिम शब्द अशा घटना समितीमार्फत यावा, अशी तरतूद होती. ती घटना समिती कधी भरली नाही. पुढे 1952 मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि तिथेच तो प्रश्न संपला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. समजा, 1949 मध्येच ती निवडणूक झाली असती, तर ती कोणी घेतली असती? लष्करी गव्हर्नरने नेमलेल्या एखाद्या अधिकाऱ्याने. तो प्रामाणिक असता, हुशार असता, कदाचित बखल्यांसारखा अनुभवी असता. पण त्याच्या नेमणुकीवर सही लष्करी गव्हर्नरची असती, बदलीवर त्याचीच, आणि निकाल राजपत्रात छापायचा की नाही यावरही त्याचीच. चौधरी हे दिल्लीतल्या नेहरू-पटेलांच्या मंत्रिमंडळाला जबाबदार होते, स्वतःच्या मर्जीने सत्ता बळकावलेले सेनापती नव्हते, हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. तरीही निवडणूक घेणाऱ्याला स्वतःचे पाय नसतील, तर ज्याने उभे केले तो चांगला आहे तोवरच तो उभा राहतो.

नेमक्या याच महिन्यांत दिल्लीत संविधान सभेत हा विषय चालू होता. 15 जून 1949 ला डॉ. आंबेडकरांनी निवडणूक आयोगाचा अनुच्छेद मांडला. आधीच्या मसुद्यात प्रांतांच्या निवडणुकांसाठी प्रांतांचे वेगळे आयोग होते, ते काढून त्यांनी सगळ्या निवडणुका एका केंद्रीय आयोगाच्या हाती देण्याचे सुचवले. कारण त्यांनी उघड सांगितले : काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदार यादीत घेतली जात नाहीत, अशा तक्रारी येत होत्या. मतदार यादीत नाव असणे हाच लोकशाहीचा पाया आहे, आणि स्थानिक सरकारच्या लहरीने ते नाव जाऊ नये, हा त्यामागचा विचार. मुख्य निवडणूक आयुक्ताला काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकीच अवघड प्रक्रिया, आणि नेमणुकीनंतर त्याच्या सेवाशर्ती त्याच्या तोट्याच्या करता येणार नाहीत, हे त्यात लिहिले गेले. नेमणूक पंतप्रधानाच्या हाती राहते, यावर हृदयनाथ कुंझरूंनी बोट ठेवले. शिब्बनलाल सक्सेनांना तर संसदेच्या दोन तृतीयांश मताने संमती हवी होती. तो आक्षेप त्या दिवशी मिटला नाही. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड समितीत सरन्यायाधीशांना बसवले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून त्यांच्या जागी केंद्रीय मंत्री बसवला. कुंझरूंचे बोट अजून तिथेच आहे, आणि ते तिथे असलेले बरे.

निवडणूक आयोगाच्या या अनुच्छेदाबद्दल, म्हणजे घटनेतल्या अनुच्छेद 324 बद्दल, एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. राज्यघटना अमलात आली 26 जानेवारी 1950 ला, पण तिचे मोजके अनुच्छेद 26 नोव्हेंबर 1949 लाच, म्हणजे घटना स्वीकारली त्याच दिवशी लागू झाले. त्यांत 324 होता. मूलभूत हक्क लागू व्हायला दोन महिने होते, निवडून आलेली संसद यायला दोन वर्षांहून जास्त काळ होता, पण निवडणूक घेणाऱ्या यंत्रणेचा पाया आधी भरला. निजामाचे फर्मान निघून तेव्हा तीनच दिवस झाले होते.

25 जानेवारी 1950 ला आयोग स्थापन झाला आणि मार्चमध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. हे बंगालचे आयसीएस अधिकारी, पश्चिम बंगालचे मुख्य सचिव, आणि लंडन विद्यापीठात गणिताचे सुवर्णपदक मिळवलेले. तोवर हैदराबादेतही लष्करी गव्हर्नरचे पद संपून एम. के. वेल्लोडी हे मुलकी अधिकारी मुख्यमंत्री झाले होते. नेहरूंना निवडणूक 1951 च्या वसंतातच हवी होती. सेनांनी वेळ मागून घेतला, आणि देशाच्या सर्वांत लोकप्रिय पंतप्रधानाला तो द्यावा लागला. एका अधिकाऱ्याने 'अजून तयारी नाही' म्हणावे आणि सरकारने थांबावे, या घटनेत 324 चे सगळे सामर्थ्य दिसते.

त्यांच्यापुढचे काम किती मोठे होते हे आकड्यांत थोडे तरी कळते. मतदार सुमारे 17 कोटी 30 लाख, त्यांतले पंच्याऐंशी टक्के निरक्षर. लोकसभा आणि विधानसभा धरून जागा साडेचार हजारांच्या आसपास, मतदान केंद्रे 2 लाख 24 हजार, आणि याद्या टंकलिखित करून लावण्यासाठी सहा महिन्यांच्या कराराने नेमलेले 16,500 कारकून. उत्तरेतल्या काही राज्यांत लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगायला नकार दिला, अमक्याची आई किंवा तमक्याची बायको एवढेच सांगितले. सेनांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. जवळपास 28 लाख नावे त्यामुळे यादीतून गेली. हा निर्णय कठोर होता. त्या बायकांचे पहिले मत गेले, ही हानी खरीच. पण आपल्याकडेही त्या काळी बाईला तिच्या नावाने हाक मारणारे घराबाहेर कोणी नसे, आणि सरकारी कागदावर तिचे स्वतःचे नाव येण्याची ती पहिली वेळ होती, हे लक्षात घेतले की सेनांचा हट्ट मला पटतो.

मतदानाची पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. आजच्यासारखी एका कागदावर सगळी चिन्हे नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह डकवलेले. मतपत्रिका रुपयाच्या नोटेएवढी, आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली, आणि तिच्यावर कोणतीही खूण करायची नसे. केंद्रावर नाव तपासायचे, बोटाला न पुसणारी शाई लावायची, मतपत्रिका हातात घ्यायची आणि आडोशाआड जायचे. आत पेट्या ओळीने मांडलेल्या. काँग्रेसच्या बैलजोडीच्या पेटीत टाकायची की दुसऱ्या कोणाच्या, हे तिथे एकट्याने ठरवायचे. ना लिहायचे, ना वाचायचे. पेट्यांपैकी पुष्कळ मुंबईला विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात घडल्या. बाहेर पडणाऱ्या माणसाकडे पाहून त्याने कोणत्या पेटीत कागद टाकला हे पाटलाला, सावकाराला किंवा नवऱ्यालाही सांगता येत नसे. ज्या मुलखात माणसाची प्रत्येक हालचाल कोणाच्या ना कोणाच्या नजरेखाली होती, तिथे तो कापडाचा आडोसा फार मोठी गोष्ट होती.

आता ज्यांना असा आधार मिळाला नाही त्यांच्याकडे पाहू.

न्यायमूर्ती अब्दुस सत्तार बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले, कोलकात्यात वकिली केलेले, पुढे पाकिस्तानात मंत्री आणि न्यायाधीश झालेले. जनरल याह्याखान यांच्या लष्करी राजवटीत ते मुख्य निवडणूक आयुक्त झाले. पाकिस्तानात प्रौढ मतदानाने झालेली पहिली देशव्यापी निवडणूक त्यांनी 7 डिसेंबर 1970 ला घेतली. त्याआधी महिनाभरापूर्वी पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ येऊन गेले होते, तरी मतदान पार पडले, आणि पाकिस्तानात आजवर झालेल्या सर्वांत स्वच्छ निवडणुकांमध्ये त्याची गणना होते. पूर्वेकडच्या 162 सर्वसाधारण जागांपैकी अवामी लीगने 160 जिंकल्या. तिचे नेते शेख मुजीब पंतप्रधान व्हायला हवे होते. पण ज्या हुकमाखाली ही निवडणूक झाली त्याचा धनी याह्याखान होता. सभागृह भरूच दिले नाही, आणि 25 मार्च 1971 ला ढाक्यात लष्कर उतरले. पुढे त्याच वर्षी अवामी लीगच्या अनेक निर्वाचित सदस्यांच्या जागा रिकाम्या ठरवल्या आणि तिथे पोटनिवडणुका जाहीर झाल्या. त्या जाहीर करणारे कार्यालय सत्तारांचेच. स्वतः मोजलेली मते स्वतःच्याच कार्यालयाने पुसायला निघायची, याहून मोठी शिक्षा निवडणूक अधिकाऱ्याला कोणती असेल? युद्धाने ते नाटक संपवले. सत्तार 1973 मध्ये बांगलादेशात परतले, पुढे झियाउर रहमान यांच्या लष्करी छायेतल्या सरकारात उपाध्यक्ष झाले, त्यांच्या खुनानंतर नोव्हेंबर 1981 मध्ये मोठ्या बहुमताने राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. 24 मार्च 1982 ला जनरल इर्शाद यांनी त्यांना पदावरून दूर केले. दुसऱ्यांना मिळालेला कौल लष्कराने फेटाळलेला त्यांनी पाहिला होता. आता त्यांना स्वतःला मिळालेला कौलही तसाच गेला.

नायजेरियाचे हम्फ्री न्वोसू हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. जनरल बाबांगिडा यांनी 1989 मध्ये त्यांना राष्ट्रीय निवडणूक आयोगाचे प्रमुख नेमले. 12 जून 1993 च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदारांनी उघड्यावर रांगा लावून, ज्याच्या त्याच्या डोळ्यांदेखत मोजणी होईल अशा रीतीने मतदान केले. तीस राज्यांपैकी चौदांचे निकाल आयोगाने फलकावर लावले, उमेदवार मोशूद अबिओला पुढे होते, आणि तेवढ्यात न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन पुढची घोषणा थांबवण्यात आली. 23 जूनला बाबांगिडांनी निवडणूकच रद्द केली. अबिओला 1994 मध्ये तुरुंगात गेले आणि 1998 मध्ये कैदेतच मरण पावले. न्वोसू पंधरा वर्षे गप्प राहिले. 2008 मध्ये त्यांनी पुस्तक लिहून अबिओलाच जिंकले होते हे आकड्यांसह मांडले. पुष्कळ नायजेरियनांनी त्यांना विचारले, त्या दिवशीच का नाही बोललात? हा प्रश्न रास्त आहे. पण ज्याच्या दाराशी सैनिक उभे आहेत आणि ज्याच्यामागे एकही कायदा उभा नाही, त्याच्याकडून वीरमरणाची अपेक्षा करण्यापेक्षा त्याच्यामागे कायदा का नव्हता हे विचारणे मला जास्त गरजेचे वाटते.

म्यानमारमध्ये तर हे आपल्या डोळ्यांदेखत घडले. नोव्हेंबर 2020 ची निवडणूक घेणारे आयोगाचे अध्यक्ष ह्ला थेन यांना 1 फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावानंतर अटक झाली, आणि त्यांच्या जागी 2010 मध्ये लष्कराच्या देखरेखीखाली निवडणूक घेतलेले माजी लष्करी अधिकारी थेन सो परत आणले गेले.

सत्तार, न्वोसू आणि सेन यांची तुलना केली तर बुद्धीत, कष्टात किंवा मतमोजणीच्या प्रामाणिकपणात फार अंतर सापडत नाही. अंतर आहे ते शेवटच्या कागदाचे. सत्तारांच्या आणि न्वोसूंच्या देशात मतदान पूर्ण झाल्यावरही एक सही उरत होती, आणि ती करणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा होती. सेनांच्या बाबतीत आयोगाने निकाल दिला की वरती कोणी उरत नव्हते. आणखी एक गोष्ट इथे आठवते. 1953 मध्ये सेनांना सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष म्हणून बोलावले गेले. तिथेही निवडणूक नीट पार पडली, 1956 मध्ये सुदान स्वतंत्र झाला, आणि नोव्हेंबर 1958 मध्ये जनरल अब्बूद यांनी सत्ता घेतली. तोच माणूस, तीच शिस्त. पण माणूस परत गेल्यावर मागे उभे राहील असे काही तिथे रुजले नव्हते. म्हणून परभणीचे श्रेय एकट्या सेनांनाही देता येत नाही.

हैदराबादसारखाच क्रम गोव्यातही दिसतो. डिसेंबर 1961 मध्ये मुक्ती, मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर, जून 1962 मध्ये मुलकी कारभार, आणि 9 डिसेंबर 1963 ला निवडणूक. दिल्लीला आणि काँग्रेसचा विजय धरून चाललेल्यांना धक्का देत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सर्वांत मोठा ठरला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. लष्कर आधी बाजूला झाले, मतदान नंतर झाले.

1951-52 च्या हिवाळ्यात हैदराबाद राज्यात मतदान झाले. तेलंगणातला सशस्त्र लढा नुकताच थांबला होता, कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, म्हणून त्याचे लोक पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने उभे राहिले. त्यांतले नलगोंड्याचे रावी नारायण रेड्डी नेहरूंपेक्षाही जास्त मते घेऊन लोकसभेत गेले. ज्या लोकांशी कालपर्यंत फौज लढत होती त्यांची मते त्याच देशाच्या आयोगाने मोजली आणि जाहीर केली. विधानसभेच्या 175 जागांपैकी काँग्रेसला 93, पीडीएफला 42 आणि शेतकरी कामगार पक्षाला 10 मिळाल्या, आणि बी. रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले.

लोकसभेच्या परभणी मतदारसंघाने काँग्रेसला नाकारले. निजामाविरुद्ध लढलेली आणि दिल्लीत सत्तेवर असलेली तीच काँग्रेस. तिच्याच सरकारने फौज पाठवली, लष्करी गव्हर्नर नेमला, जहागिऱ्या मोडल्या. तिला बाजूला सारून इथल्या मतदारांनी शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना निवडले. शेकापचे त्या लोकसभेत दोनच खासदार होते : सोलापूरचे शंकरराव मोरे आणि परभणीचे वाघमारे. साडेतीन वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात लष्करी अंमल होता. निकाल लागला, राजपत्रात आला, त्यावर कोणाची मंजुरी घ्यावी लागली नाही, आणि 13 मे 1952 ला पहिली लोकसभा भरली तेव्हा परभणीचा खासदार विरोधी बाकांवर होता.